बाण पुरा ओढला, हे कोण सांगणार?

धार आणि देवास या दोन्ही गाद्या पवारांच्या. 1732मध्ये शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात माळव्याच्या उत्पन्नाची वाटणी ठरली आणि मराठ्यांचा या मुलखात कायमचा जम बसला. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये थाटली. मराठी वाचकाला हा मुलूख ठाऊक असतो तो या राजेशाहीमुळे, फार तर 1948पासून देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांमुळे. पण धारहून दक्षिणेला निघून मांडूची कड ओलांडली की पठार संपते, विंध्याचा उतार लागतो आणि तिथून नर्मदेपर्यंत भिल्ल-भिलाल्यांची वस्ती. या डोंगरात पवारांची सनद चालायची त्यापेक्षा तीरकामठा जास्त चालायचा.

1818नंतर मध्य हिंदुस्थानची घडी बसवायला आलेल्या इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला हे लवकर कळले. मांडूजवळ नालछ्याला त्याने मुक्काम ठोकला तो काही हवेसाठीच नव्हे. आसपासच्या वाटा जामन्याच्या नादिरसिंग भिलाल्यासारख्या नायकांच्या हाती होत्या. खानदेशात 1825मध्ये औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, पुढे तसाच प्रयोग माळव्यात झाला आणि धारच्या पश्चिमेला सरदारपूर हे माळवा भिल्ल पलटणीचे ठाणे बनले. पलटणीत भिल्लाच्या हाती बंदूक आली. घरी मात्र कामठा तसाच राहिला.

हा कामठा जवळून पाहण्यासारखा आहे. धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूचीच, बांबूच्या सालीची पातळ, लवचीक पट्टी. तात किंवा सूत याचे नाव नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916च्या ग्रंथात भिल्लाच्या भात्याचे वर्णन आहे: बांबूच्या चटईचा भाता, त्यात साठेक बाण, प्रत्येक बाण सुमारे दोन हात लांब. टोकाला लोखंड, काहींचे सुरीसारखे चपटे, काहींचे खिळ्यासारखे गोल. पाखरे पाडायच्या बाणाला धार नसायची, नुसते बोंड. बाण सोडताना भिल्ल अंगठा लावत नाहीत आणि त्यामागे एकलव्याची आठवण आहे, असे सांगितले जाते. कथा बाजूला ठेवली तरी बोटांनी दोरी ओढण्याची ती पद्धत आजच्या ऑलिम्पिक मैदानावरच्या पद्धतीच्या बरीच जवळची आहे.

या कामठ्याला माप नाही. दोरी किती ओढायची, हे शिकाऱ्याचा हात ठरवतो. भिल्ल शिकारी घळीत दबा धरून बसे आणि सावज जवळ आले की मारे. वीस-पंचवीस पावलांवर दोरी बोटभर कमी ओढली गेली तरी ससा चुकत नाही. शिवाय धनुष्य स्वतःचे, बाण स्वतः तासलेला, लहानपणापासून तोच हात. अशा माणसाला ओढ मोजायचे यंत्र कोणी दिले असते तर त्याने ते मुलांना खेळायला दिले असते.

अंतर वाढले की हिशेब बदलतो. आजच्या ऑलिम्पिकमधल्या रिकर्व्ह धनुष्याची दोरी पुऱ्या ओढीच्या जवळ एक इंच जास्त खेचली तर ताण ढोबळमानाने दोन पौंडांनी वाढतो. म्हणजे अर्ध्या इंचाचा फरक पडला तर बाण वेगळ्याच वेगाने निघतो. ऑलिम्पिकमध्ये लक्ष्य 70 मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटर व्यासाचे. तिथे प्रत्येक बाणाची ओढ तीच, अगदी तीच असावी लागते.

ही अडचण विसाव्या शतकात उपजलेली नाही. संस्कृत धनुर्वेदात ओढीचे पाच प्रकार नोंदलेले आहेत, आणि ते ओळखायचे कसे, तर दोरीचा हात शरीराच्या कोणत्या जागेशी येऊन थांबतो त्यावरून. केसांच्या मुळाशी थांबला तर कैशिक, कानाशी थांबला तर वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. आणि खालच्या बाजूच्या लक्ष्यासाठी सात्त्विक नावाची वेगळी ओढ. दूरच्या आणि चिवट लक्ष्यासाठी स्कंध. आजचा प्रशिक्षक ज्याला ‘अँकर’ म्हणतो तोच हा विचार: हात रोज त्याच जागी टेकला पाहिजे. धारचा राजा भोज याच्या नावावर मोडणाऱ्या ‘युक्तिकल्पतरू’त तलवार-ढालीबरोबर धनुष्याचीही चर्चा आहे. 1130च्या आसपास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात तर राजाने लोकांसमोर शस्त्रकौशल्य दाखवायचे प्रकरणच आहे. म्हणजे दरबारी धनुर्विद्या मोजूनमापून चालायची. डोंगरातली तशी नव्हती, आणि तिला गरजही नव्हती.

चिनी लोकांनी मात्र या प्रश्नाचे सर्वांत टोकदार उत्तर शोधले. सोळाव्या शतकातला मिंग सेनापती ची जिग्वांग आपल्या सैनिकांना बजावतो की बाणाचे पाते धनुष्य धरलेल्या बोटाला लागेपर्यंत ओढा. ज्याच्या बोटाला पाते कळत नाही तो आंधळ्यासारखाच. 1637मध्ये गाओ यिंग या धनुर्धराने आपल्या ग्रंथात पुऱ्या ओढीवरच सारा भर दिला. अर्धवट ओढ हे सगळ्या रोगांचे मूळ आहे, असे त्याचे मत. नजर लक्ष्यावर, आणि ओढ पुरी झाली की नाही हे डाव्या हाताच्या बोटाने सांगायचे. बोटाचे काम पुढे ज्या पट्टीने केले, ती यायला तीनशेहून अधिक वर्षे लागली.

ती पट्टी म्हणजे क्लिकर. विसाव्या शतकाच्या मध्याला तो अमेरिकेतल्या धनुर्धरांमध्ये रुळला. पोलादाची किंवा कार्बनची अरुंद, पातळ पट्टी. ती धनुष्याच्या मधल्या मुठीवर, म्हणजे रायझरवर, बाणाच्या बाजूला स्क्रूने बसवलेली असते. बाण तिच्याखालून सरकवायचा. दोरी ओढत जाल तसा बाण मागे येतो, पट्टी बाणावर दाबलेली राहते, आणि टोक तिच्याखालून निसटले की पट्टी रायझरवर आपटते. टिक्‌. तो आवाज आला की बाण सोडायचा. प्रत्येक बाण ठरलेल्या मिलिमीटरवर सुटतो.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सुरुवातीला अनेकांनी क्लिकर लावला तो ओढ मोजायला नव्हे, तर एका विचित्र मानसिक त्रासावर इलाज म्हणून. काही धनुर्धर लक्ष्य दिसताक्षणी बाण सोडून मोकळे होतात, हात थांबतच नाही. काहींचे उलट, बाण सुटतच नाही. सोडायचा निर्णय माणसाकडून काढून आवाजाकडे दिला की हा त्रास कमी होतो. ओढ अचूक राहणे हा वरचा फायदा, आणि पुढे तोच मुख्य ठरला. 1972मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली तोवर रिकर्व्हवाल्यांच्या धनुष्याला क्लिकर असणे नेहमीचे झाले होते. पुढे नियमही आला: ओढ दाखवणारे एकच साधन, आवाजाने, स्पर्शाने किंवा दिसून कळणारे चालेल, पण विजेवर चालणारे नको.

भारतात या दोन जगांची गाठ पडली ती 1980च्या दशकात. भारतीय तिरंदाजी संघटना 1973ची. पुढे क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांतून मुले शोधायला सुरुवात केली आणि 1987च्या सुमारास उदयपूर जिल्ह्यातल्या सराडीत गावचा, बांबूच्या धनुष्याने शिकार करणारा लिंबाराम त्यांच्या नजरेस पडला. वर्षभरात तो सोल ऑलिम्पिकमध्ये उभा होता. 1992मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत 30 मीटरवर 360पैकी 358 गुण मिळवून त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. बांबूच्या धनुष्यावर घडलेला हात एवढ्या थोड्या वेळात यंत्राच्या धनुष्यावर चालला, याचे श्रेय त्या बांबूला द्यायला हरकत नाही. धार-झाबुआच्या भगोरिया हाटात पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा मिरवणाऱ्या लोकांमधून मात्र त्या तोडीचे नाव अजून पुढे आलेले नाही. धारचे नाव आज क्रीडापानावर झळकते ते बॅडमिंटनपटू प्रियांशु राजावतमुळे.

क्लिकर कधी लावायचा, हा वाद मग भारतातल्या मैदानांवरही आला. घाईने लावलेला क्लिकर काय करतो, ते कोणत्याही जिल्हा स्पर्धेत दिसते. मुलाच्या ताकदीपेक्षा धनुष्य जड, त्यात पट्टी दोन सेंटिमीटर मागे बसवलेली. दोरी हनुवटीखाली येते, आणि बाण पट्टीखाली अडकून राहतो. मग मूल डोके पुढे काढते, कोपर खाली पाडते, हनुवटी वर उचलते, कसेही करून तो ‘टिक्‌’ वाजवायला बघते. वैयक्तिक सामन्यात बाणामागे 20 सेकंद मिळतात आणि त्यातले पंधरा असे जातात. वाजला की दचकून बाण सुटतो. हे झाले की ओढ सारखी येते खरी, पण प्रत्येक वेळी शरीर वेगळ्या आकारात असते. असल्या सारखेपणाचा काही उपयोग नाही.

म्हणून बरेच अनुभवी प्रशिक्षक आधी बिनक्लिकरने महिनोन्‌महिने मारायला लावतात. पाहायचे एवढेच की पाठीने ओढले जाते का, दोरी रोज हनुवटी आणि नाक याच जागी टेकते का, आणि डोळे मिटून ओढले तरी बाणाचे टोक रायझरवर जवळजवळ तिथेच येऊन थांबते का. प्रशिक्षक बाजूला उभा राहून बाणावर पेनाने खुणा करतो. सहा-सात बाणांच्या खुणा एका अरुंद पट्ट्यात आल्या की त्या पट्ट्याच्या थोडे मागे क्लिकर बसवायचा. म्हणजे शेवटचे दोन मिलिमीटर पाठीच्या स्नायूंनी वाढवूनच तो वाजला पाहिजे. थोडक्यात, पट्टीने हाताला शिकवायचे नाही. हाताला जे येते त्यावर तिने शिक्का मारायचा.

यात एक गंमत आहे. महाराष्ट्राला तिरंदाजीतले सर्वांत मोठे यश मिळवून देणाऱ्या दोघांच्या धनुष्याला क्लिकरच नव्हता. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला एकाच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे घडलेले. पण त्यांचा प्रकार कंपाउंड. त्या धनुष्याला कप्प्या असतात आणि दोरी ठरावीक जागेपलीकडे ओढताच येत नाही. ओढीचा प्रश्न धनुष्यानेच निकालात काढलेला असतो. क्लिकरशी रोजची झुंज असते ती रिकर्व्हवाल्यांची. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, 2019मध्ये जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवणाऱ्या संघात होता आणि पुढे टोकियो ऑलिम्पिकला गेला. तो रिकर्व्हवाला.

वाढत्या वयाच्या मुलांचे काम यात सर्वांत किचकट. तेराव्या-चौदाव्या वर्षी हात भराभर लांबतात, काही महिन्यांपूर्वी बसवलेला क्लिकर कमी ओढीवर वाजू लागतो आणि मुलाला वाटते आपण सुधारलो. मग पट्टी मागे सरकवायची, जागा संपली की बाणच लांब घ्यायचे, आणि बाण बदलले की दृष्टीचा मेळ पुन्हा पहिल्यापासून बसवायचा. कार्बनच्या बाणांचा एक संच हजारांच्या घरात जातो. आश्रमशाळेच्या मैदानावर शिकवणाऱ्याला हा हिशेब आधी करावा लागतो, आणि म्हणून तिथे मुलाची वाढ थांबेपर्यंत बाण थोडा लांबच ठेवून रायझरवर खडूची खूण करून भागवले तर ते चुकीचे म्हणता येणार नाही.