असीरियाचा शिपाई: शिळेवरचा आणि खेळांतला

संगणकावरील युद्धखेळांत प्राचीन असीरियाला स्थान मिळाल्यास आतां बरींच वर्षें झालीं. १९९७ सालीं निघालेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ ह्या खेळांत असीरियन हे एक राष्ट्र म्हणून आले. २०१३ सालीं ‘सिव्हिलायझेशन’ ह्या खेळाच्या पांचव्या आवृत्तीस जी पुरवणी जोडण्यांत आली, तींत खुद्द अशुरबनिपाल राजा अवतरला. अशा खेळांत खेळणारा सेनापति होतो, सैन्य उभारतो, तें नकाशावर हलवितो, शत्रूचे तट पाडतो. परंतु त्याच्या हाताखालचा शिपाई दिसावा कसा, त्याच्या अंगांत काय असावें, हातीं कोणतें शस्त्र असावें, हें ठरविणारा चित्रकार पडद्याआड असतो. शाळेच्या पुस्तकांत असीरियाला फार तर चार ओळी मिळतात; ह्या चित्रकाराच्या शिपायाकडे मात्र मुलें तासन्‌तास पाहत असतात. त्या मुलांच्या मनांत असीरियाची जी मूर्ति ठसेल ती ह्याच्याच हातची. तेव्हां ह्याचें काम केवळ करमणुकीचें समजून चालणार नाहीं.

बहुधा तो करतो तें असें. डोक्यावर निमुळतें टोकदार शिरस्त्राण, कुरळी लांब दाढी, घोट्यापर्यंत लोळणारें खवल्यांचें चिलखत, पायांत नाड्यांचे उंच बूट, हातीं वाटोळी ढाल. ह्यांतील एकहि वस्तु खोटी नाहीं. पण तीं सारीं एका अंगावर चढविलीं कीं जो मनुष्य तयार होतो तो मात्र कधींच जन्मास आलेला नव्हता. घोट्यापर्यंतचें चिलखत इ. स. पूर्वीं नवव्या शतकांतलें, आणि उंच बूट आठव्या-सातव्या शतकांतले. दुसरा अशुरनासिरपाल गादीवर आला तें वर्ष इ. स. पू. ८८३, व निनेव्हे पडलें तें ६१२. मधलीं पावणेतीनशें वर्षें एकाच शिपायाच्या अंगावर घालतां येत नाहींत. म्हणून चित्रकारानें कुंचला उचलण्यापूर्वीं साल ठरवावें, बाकीचें मागाहून.

साल ठरलें कीं साधनांची वाण नाहीं. १८४३ सालीं बोता ह्या फ्रेंच वकिलानें खोर्साबाद येथें आणि १८४५ पासून लेयार्ड ह्या इंग्रजानें निमरूद येथें जें उकरून काढलें, त्यांत राजवाड्यांच्या भिंतींवरील उठावाचीं चित्रें मैलोगणती भरतील इतकीं होतीं. लेयार्डच्या कित्येक पेट्या तैग्रीस नदीनें बसऱ्यास व तेथून मुंबईच्या बंदरांत येऊन मग विलायतेस गेल्या. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहीं असीरियन राजवाड्यांतील कांहीं शिळा आहेत. ज्यांस लंडनला जाणें शक्य नाहीं त्यांनीं त्या पाहाव्या.

अशुरनासिरपालाच्या शिळांवरील घोडेस्वार विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. तो एकटा नसतो. दोन स्वार जोडीनें दौडतात. एक धनुष्य ओढतो, दुसरा आपला आणि जोडीदाराचा असे दोन्ही लगाम एकट्याच्या हातीं धरतो. रथावरचे सारथी आणि धनुर्धारी जणूं रथ सोडून दोन घोड्यांवर बसले आहेत. रिकीब नाहीं, पक्कें खोगीर नाहीं. दोन्ही हात धनुष्यास गुंतले तर घोडा आवरावा कोणीं? त्या प्रश्नाचें हें उत्तर होतें. खेळ रचणाराच्या हिशेबांत ह्याचा अर्थ सरळ आहे. शंभर घोडे म्हणजे पन्नास धनुष्यें, शंभर नव्हेत; आणि लगाम धरणारा पडला तर धनुर्धारीहि निकामी. दोनशें वर्षांनीं अशुरबनिपालाच्या शिळांवर तोच स्वार एकटा धांवतो, लगाम सोडून देतो आणि बाण मारतो. रिकीब तेव्हांहि नाहीं. मधल्या काळांत घोडा व मनुष्य दोघेहि शिकलेले होते. हा फरक दाखविणारा खेळ क्वचित् दिसतो, आणि खरी गंमत तर त्यांतच आहे.

रथाचेंहि तसेंच. आरंभीं चाक लहान, सहा आऱ्यांचें, गाडी हलकी. शेवटीं शेवटीं चाक माणसाच्या उंचीएवढें, आठ आऱ्यांचें, आणि वर चार माणसें: सारथी, धनुर्धारी आणि दोघे ढाल धरणारे.

तिसऱ्या तिग्लाथपिलेसरापासून (इ. स. पू. ७४५ ते ७२७) शिळांवर नवे लोक स्पष्ट दिसूं लागतात. कांहींच्या डोक्यास नुसती पट्टी बांधलेली, कमरेस आंखूड वस्त्र, हातीं धनुष्य. चिलखताचें नांव नाहीं. दुसऱ्यांच्या शिरस्त्राणावर तुरा, हातीं वाटोळी ढाल आणि भाला. पहिले ते इतूअ ह्या अरामी टोळीचे आणि दुसरे गुर्राय नांवाचे, असें अनेक विद्वान् मानतात. जिंकलेल्या प्रांतांतून माणसें, घोडे, रथ घ्यावयाचे आणि आपल्या सैन्यांत उभे करावयाचे, ही ह्या साम्राज्याची रीत होती. समारिया पडल्यावर सारगॉन राजानें तेथील रथ आपल्या सैन्यांत घेतल्याचें स्वतःच कोरून ठेविलें आहे. एका लेखांत ते पन्नास आहेत, दुसऱ्यांत दोनशें. राजांच्या आंकड्यांवर किती विसंबावें तें ह्यावरून दिसतें! पण गोष्ट मात्र खरी, कारण निमरूद येथें सांपडलेल्या सैन्याच्या मातीच्या याद्यांत समारियाच्या अधिकाऱ्यांचें पथक नांवनिशीवार नोंदलेलें आहे. ज्यांचें राज्य बुडविलें तेच आतां असीरियाचे रथी. ज्या खेळांत असीरियाच्या बाजूचा प्रत्येक शिपाई एकाच चेहऱ्याचा व एकाच पोषाखाचा निघतो, त्या खेळांत चिलखताचा एकूण एक खवला बरोबर काढलेला असला तरी सैन्य चुकलेलेंच आहे.

रंगाविषयीं थोडें. आज शिळा उघड्या व करड्या दिसतात, म्हणून खेळांतला शिपाईहि पुष्कळदां मातकट रंगविलेला असतो. मुळांत ह्या शिळांवर रंग होते. तांबड्या, निळ्या, काळ्या, पांढऱ्या रंगांचे अवशेष सांपडले आहेत, आणि सीरियांतील तिल बार्सिप येथें तर भिंतीवर नुसत्या रंगांनीं काढलेलीं चित्रें मिळालीं. तेथें पाहून रंग भरावे.

तट फोडण्याच्या यंत्राची मात्र खेळांत फारच ओढाताण होते. ‘सिव्हिलायझेशन’मध्यें असीरियनांस वेढ्याचा मनोरा दिला आहे. सेन्नाकेरीबानें इ. स. पू. ७०१ मध्यें लाखीश घेतलें, त्या वेढ्याच्या चित्रांत दिसतो तो चामड्यानें मढविलेला चार चाकांचा गाडा. पुढें भाल्यासारखी लांब तुळई, आणि ती तटांत घुसवावयाची. वरून यहुदी लोक पेटते पलिते फेंकीत आहेत. गाड्याच्या माथ्यावर एक शिपाई उभा आहे. त्याच्या हातीं शस्त्र नाहीं, लांब दांड्याचें ओगराळें आहे, आणि त्यानें तो गाड्यावर पाणी ओतीत आहे, पेट घेऊं नये म्हणून. हा पाणक्या कोणत्याहि खेळांत अवश्य असावा. शिवाय गाडा तटापाशीं आपोआप पोहोंचत नाहीं. त्यासाठीं दगडमातीचा चढ आधीं रचावा लागतो. लाखीशचा तो चढ उत्खननांत प्रत्यक्ष सांपडला, आणि त्या परिसरांत शेंकडों बाणांचीं टोकें व गोफणीचे धोंडेहि. एका डावांत तट पडतो असें दाखविणारानें त्या दगडांच्या राशीचा विचार करावा.

एका बाबतींत मात्र शिळा दगा देतात. शत्रूचीं मुंडकीं मोजणारे दोन लेखक त्यांवर दिसतात, एक मातीची किंवा मेणाची पाटी घेतलेला, दुसरा गुंडाळी घेतलेला; पण मेलेला असीरियन शिपाई तेथें शोधून सांपडणें कठीण. इ. स. पू. ६९१ च्या हालुलेच्या लढाईंत आपण शत्रूच्या रक्तांतून रथ हांकले असें सेन्नाकेरीब सांगतो. बाबिलोनची बखर सांगते कीं असीरियानें माघार घेतली. राजवाड्याच्या भिंतींवर माघारीस जागा नव्हती. खेळांत मात्र असीरियन सैन्य हरूं शकतें, पडूं शकतें, आणि तेव्हां चित्रकारास नमुना हवा असतो. त्यासाठीं त्याला तिल तूबाच्या शिळेकडे जावें लागतें. इ. स. पू. ६५३ च्या त्या लढाईंत उलाई नदींत वाहणारे देह, मेलेले घोडे, सुटलेले भाते आणि बाण लागून कोसळणारीं माणसें कारागिरानें एकेक करून कोरलीं आहेत. तीं सारीं एलामचीं आहेत. पडणारा असीरियन काढावयाचा तर त्याचें शरीर त्यांच्याकडूनच उसनें घ्यावें लागतें.