चालत जाता येईल इतकं मैदान

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्या पिढीला 23 ऑक्टोबर 2022 ची संध्याकाळ आठवते. समोर पाकिस्तान, बोलर हारिस रौफ आणि विराट कोहलीचे ते लागोपाठ दोन सिक्स. मेलबर्नमध्ये वाढलेल्या माणसाला मात्र त्याच मैदानाचं नाव काढलं की आधी ‘फुटी’ आठवते. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल. लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून किक गेली तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेली तर 1.

या खेळाचा जन्मही क्रिकेटच्याच घरातला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने जुलै 1858 मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटर सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉल क्लब काढा. 17 मे 1859 रोजी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी नियम कागदावर उतरवले. हिवाळ्यात क्रिकेटची मैदानं रिकामीच असायची, त्यामुळे हा खेळ त्याच लंबगोल मैदानांवर वाढला आणि मेलबर्नच्या जवळपास प्रत्येक वस्तीला आपला एक क्लब मिळाला.

मी मेलबर्नला नोकरीसाठी आलो आणि फिट्झरॉय नॉर्थमध्ये भाड्याने राहू लागलो. घरापासून पाच मिनिटांवर एडिंबरो गार्डन्स ही बाग आहे. तिथे एक मैदान आणि त्याच्या कडेला एकोणिसाव्या शतकातलं लाकडी स्टँड. हेच ब्रन्झविक स्ट्रीट ओव्हल. एवढ्याशा मैदानाला एवढं देखणं स्टँड कशाला, असं मी शेजाऱ्यांना विचारलं. ते आता सत्तरीला टेकलेत. म्हणाले, “माझी टीम इथे खेळायची.” मग तासभर बोलत राहिले.

त्यांची टीम फिट्झरॉय. 1883 ला स्थापना. 1897 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या आठ क्लबांपैकी एक. एकूण 8 विजेतेपदं. त्यातलं 1916 चं तर भन्नाटच. महायुद्धामुळे त्या वर्षी लीगमध्ये चारच संघ उरले होते. फिट्झरॉय साखळीत शेवटच्या नंबरवर राहिली आणि बाद फेरी जिंकून विजेती झाली!

तेव्हा क्लब कोणता हे तुमच्या पत्त्यावरून ठरायचं. स्मिथ स्ट्रीट ओलांडला की कॉलिंगवूड, निकल्सन स्ट्रीट ओलांडला की कार्लटन. 1915 पासून खेळाडूंनाही हीच अट लागू झाली: ज्या भागात राहता, त्या भागाच्या क्लबकडून खेळा. त्यामुळे शनिवारी मैदानात दिसणारा माणूस सोमवारी गल्लीत भेटायचा. शनिवारी दुपारी शहरभर सहा मैदानांवर सहा सामने चालायचे.

शेजाऱ्यांचं लहानपण या काळातलं, फक्त त्याच्या उतरणीचं. घरी तिकिटाचे पैसे नसायचे. पण शेवटचा क्वार्टर सुरू व्हायच्या आधी गेट उघडी करायचे, मग फुकट आत. किरमिजी-निळ्या जर्सीच्या पाठीवर आईने 2 नंबर शिवून दिलेला, केव्हिन मरेचा. गर्दीत उभं राहून दिसावं म्हणून पायाखाली बिअरचे रिकामे डबे. सामना संपल्याचा भोंगा वाजला की कुंपण ओलांडून सगळी पोरं मैदानात, आणि अंधार पडेपर्यंत किक मारणं. ज्या चिखलात मरे घसरला होता त्याच चिखलात आपणही घसरायचं.

“तेव्हा टीम जिंकायची का?” मी विचारलं. ते हसले. 1964 च्या पूर्ण मोसमात फिट्झरॉयने एकही सामना जिंकला नव्हता. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. “हरलो तरी पुढच्या शनिवारी जायचोच. चालत दहा मिनिटं तर होतं.”

ही दहा मिनिटं 1966 साली संपली. त्या मोसमानंतर क्लबने ब्रन्झविक स्ट्रीट सोडलं आणि गेला तोही जुन्या वैऱ्याच्या, म्हणजे कार्लटनच्या मैदानावर. मग 1970 पासून सेंट किल्डाजवळचं जंक्शन ओव्हल, 1985 मध्ये कॉलिंगवूडचं व्हिक्टोरिया पार्क, 1987 मध्ये पुन्हा कार्लटन, 1994 पासून फुट्सक्रेचं मैदान. तीस वर्षांत पाच वेळा बिऱ्हाड हलवलं. इकडे फिट्झरॉयही बदलत होतं. सरकारने जुन्या चाळवजा वस्त्या पाडून वीस-वीस मजली इमारती उभ्या केल्या, कामगारांची कितीतरी कुटुंबं लांबच्या उपनगरांत गेली. टीमला घर उरलं नाही आणि चाहत्यांना गल्ली.

तोवर लीगलाही देशभर पसरायचं होतं. 1982 मध्ये साउथ मेलबर्न हा क्लब सिडनीला हलवला गेला, 1987 मध्ये ब्रिस्बेन आणि पर्थचे संघ आले, 1990 मध्ये लीगच्या नावातलं ‘व्हिक्टोरियन’ जाऊन ‘ऑस्ट्रेलियन’ आलं. या हिशेबात कर्जबाजारी फिट्झरॉय कुठेच बसत नव्हती. 1989 मध्ये फुट्सक्रेशी विलीनीकरण जाहीर झालं होतं. फुट्सक्रेच्या लोकांनी वर्गणी गोळा करून आपला क्लब वाचवला आणि ते बारगळलं. 1996 मध्ये मात्र नौरू या चिमुकल्या देशाच्या विमा महामंडळाने दिलेलं कर्ज परत मागितलं, क्लबवर प्रशासक आला आणि ब्रिस्बेनशी विलीनीकरण ठरलं.

25 ऑगस्ट 1996. एमसीजीवर फिट्झरॉयचा मेलबर्नमधला शेवटचा सामना. रिचमंडने 151 गुणांनी धुतलं. शेजारी मुलीला घेऊन गेले होते. आठवड्याने पर्थला आणखी एक पराभव, आणि क्लब लीगमधून संपला. ब्रिस्बेन लायन्सने पुढे 2001, 2002 आणि 2003 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. त्यांच्या गाण्याची चाल फिट्झरॉयचीच आहे, फ्रान्सच्या राष्ट्रगीताची. मुलगी ब्रिस्बेनची फॅन झाली. वडिलांना ते जमलं नाही.

लोक म्हणतात, टीव्हीच्या पैशाने फिट्झरॉयला मारलं. मला वाटतं, 1996 मध्ये फक्त कागदपत्रं झाली. खरं मरण 1966 पासून सुरू झालं होतं, आठ वर्षांच्या पोराला एकट्याने चालत मैदानात जाता येईनासं झालं तेव्हा.

पण म्हणून तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. गल्लीचा अभिमान बाहेरच्याला बोचायचा. डग निकल्स हा आदिवासी खेळाडू 1927 मध्ये कार्लटनला गेला, तर वर्णद्वेषामुळे त्याला तिथून निघावं लागलं. 1932 मध्ये फिट्झरॉयने त्याला घेतलं. ड्रेसिंग रूममध्ये तो कोपऱ्यात एकटाच बसायचा, तेव्हा क्लबचा सर्वात मोठा स्टार हेडन बंटन त्याच्या शेजारी जाऊन बसला, असं सांगतात. हाच निकल्स पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. पण 1993 सालीही व्हिक्टोरिया पार्कवर निकी विनमारला दिवसभर शिव्या ऐकाव्या लागल्या. सामना जिंकल्यावर त्याने जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो आज ऑस्ट्रेलियात सगळ्यांना माहीत आहे.

हा विषय निघाला तेव्हा शेजारी थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “पोरवयात मोठे जे ओरडायचे, तेच मीही ओरडायचो. ते पण त्याच मैदानावर शिकलो.” आठवणी सांगणारे बरेच भेटतात, एवढं सांगणारे कमी.

2009 मध्ये फिट्झरॉय हा क्लब हौशी लीगमध्ये परत उभा राहिला, तोही ब्रन्झविक स्ट्रीट ओव्हलवरच. त्या शनिवारी मी त्यांच्यासोबत सामना बघायला गेलो. मध्यंतरात आसपासची पोरं चेंडू घेऊन मैदानात घुसली. एक चेंडू माझ्याकडे आला. मी जीव खाऊन किक मारली, तो बाजूच्या झुडपात गेला. सातेक वर्षांची एक मुलगी तो घेऊन आली, हातात कसा धरायचा ते मला दाखवलं आणि म्हणाली, “आता परत.”

शेजारी कुंपणाला टेकून उभे होते. सामना कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही. आम्ही घरी चालत आलो.