जिजाऊ कोण होणार?

आम्ही दुसरबीडहून बोलतोय, तुमच्याच बचत गटाच्या मैत्रिणी. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

पौष लागला की आपल्या सिंदखेड राजा तालुक्यात एकच गडबड सुरू होते. १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती. सिंदखेडच्या राजवाड्यात भल्या पहाटेपासून माणसांची रीघ लागते. आजूबाजूच्या गावांत प्रभातफेरी निघते, शाळेतल्या पोरी लेझीम खेळतात, लाठीकाठी फिरवतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा राहतो. कोणी जिजाऊ, कोणी ताराराणी, कोणी झाशीची राणी. कमरेला लाकडी तलवार, काष्टा घातलेलं नऊवारी, डोक्यावर पदर किंवा फेटा.

मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतो, जिजाऊ कोण होणार? उंचीपुरी पाहिजे, आवाज खणखणीत पाहिजे, असं सगळ्या बोलून दाखवतात. आणखी एक अट असते, ती कोणी बोलत नाही. बाई सवाष्ण पाहिजे. मग जिला नवरा नाही ती आपणहूनच म्हणते, ‘मी मागं थांबते, पाण्याचं अन् चहाचं पाहते.’ कोणी तिला ‘नको’ म्हणत नाही, पण कोणी ‘ये’ही म्हणत नाही. दोन दिवसांनी संक्रांत, हळदीकुंकू. तिथंही ती मागंच.

म्हणून आज आम्ही इतिहासच काढून बसलोय. ज्या बायांचे देखावे आपण उभे करतो, त्यांनी लढाईच्या दिवसांत काय केलं आणि ते केलं तेव्हा त्यांच्या घरी काय परिस्थिती होती, ते एकेकीचं पाहू.

सुरुवात आपल्या घरापासून. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यातला. आईचं नाव म्हाळसाबाई. लखुजी निजामशाहीतले मोठे सरदार. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे दौलताबादला, भर दरबारात त्यांना दग्यानं मारलं. सोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातू. एका दिवशी एका घरातले चार पुरुष गेले. म्हाळसाबाई विधवा झाल्या, घरातल्या सुनांवरही तीच वेळ आली. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. हिशेब करा, माहेरावर कुऱ्हाड कोसळली तेव्हा ते जिजाऊंच्या पोटात होते. पहिलटकरीण नव्हत्या, थोरला संभाजी होता. पण बाप आणि भाऊ गेलेली बाई पोटातलं पोर घेऊन कशी उभी राहिली असेल, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

सिंदखेडला लखुजींची भव्य समाधी आहे. आपण सगळ्या तिथं जाऊन आलोय. युद्ध म्हणजे घोडे आणि तलवारी एवढंच नाही, युद्ध म्हणजे मागं राहिलेलं घरसुद्धा, हे त्या दगडांपुढं उभं राहिलं की कळतं. या प्रसंगाचा देखावा सहसा कोणी करत नाही.

पुढं पुणं. आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं १६३० मध्ये पुणं जाळलं आणि तिथं गाढवाचा नांगर फिरवला. गाव उठून गेलं. जिजाऊ लहान शिवरायांना घेऊन तिथं आल्या, कसबा गणपतीचं देऊळ उभं केलं, रयत पुन्हा वसवली, जमिनी पिकाखाली आणल्या. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. सोनं राहू द्या बाजूला, जळालेल्या गावात कुणब्याला परत आणायचं म्हणजे बियाणं, बैल, सारा माफी आणि भरवसा, इतकं सगळं लागतं. त्यात राबणूक होती आणि हिशेबही होता.

१६६० साली शिवराय पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. मार्चपासून जुलैपर्यंत वेढा हलला नाही. तेव्हा जिजाऊ स्वतः सैन्य घेऊन निघायला तयार झाल्या होत्या, असं कवींद्र परमानंदानं ‘शिवभारत’ ग्रंथात लिहिलंय. वय बासष्ट. नेताजी पालकरांनी तो भार आपल्यावर घेतला.

आता नीट ऐका. २३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे इथं शिकारीला गेले असता घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या. शिवरायांनी त्यांना अडवलं, हे सभासदाच्या बखरीत आहे. त्या थांबल्या आणि आणखी दहा वर्षं जगल्या.

त्या दहा वर्षांत काय झालं? ५ मार्च १६६६ रोजी शिवराय आग्ऱ्याला निघाले, तिथं कैदेत पडले. परत राजगडावर येईपर्यंत अर्धं वर्ष उलटून गेलं. तेवढा काळ राज्याचा कारभार जिजाऊंच्या नावानं चालला, हाताखाली मोरोपंत, अण्णाजी दत्तो अशी माणसं. मुलगा शत्रूच्या कैदेत, नातू त्याच्यासोबत, आणि इथं किल्ल्यांवरचा दाणागोटा, पगार, पहारे सगळं चालू ठेवायचं. हे करणारी बाई अडुसष्ट वर्षांची होती आणि विधवा होती. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. तो डोळे भरून पाहिला आणि १७ जूनला पाचाडला त्यांनी देह ठेवला. सती गेल्या असत्या तर यातलं काहीच झालं नसतं.

दुसरी ताराराणी. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराराणी पंचवीस वर्षांची, पदरात लहान मुलगा. समोर औरंगजेब, स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला. तिनं मुलाला गादीवर बसवलं, सरदार एकत्र बांधले, एक फौज किल्ला लढवायला तर दुसरी फौज पार माळवा-गुजरातेत शत्रूच्या मुलखात पाठवली. सात वर्षं लढा चालवला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, पण मराठ्यांचं राज्य मोडलं नाही. देखाव्यात आपण तिला घोड्यावर बसवतो. ते बरोबरच आहे. पण घोड्यावर बसलेली ती बाई विधवा होती, हे कोणी माईकवर सांगत नाही.

तिसरी उमाबाई दाभाडे. नवरा, सेनापती खंडेराव, १७२९ मध्ये वारला. मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मारला गेला. त्यानंतर उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या.

चौथ्या अहिल्याबाई. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, विनवून थांबवलं. मग तेच मल्हारराव मोहिमेवरून सुनेला पत्रं धाडत, तोफखाना अमुक ठिकाणी न्या, दारूगोळ्याची तजवीज करा. हातात शिवपिंड घेतलेल्या अहिल्याबाई आपण देखाव्यात पुष्कळ पाहिल्या. तोफांच्या गाड्यांचा हिशेब पाहणाऱ्या अहिल्याबाई अजून पाहायच्या आहेत.

पाचवी झाशीची राणी लक्ष्मीबाई. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. दत्तक मुलगा इंग्रजांनी मान्य केला नाही, राज्य खालसा केलं. १८५८ मध्ये ती लढली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरला पडली.

आणखी एक नाव सांगतो, ते देखाव्यात कधी नसतं. माहूरची सावित्रीबाई. माहूर आपल्याला रेणुकेसाठी माहीत. तिथल्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली ही बाई. घरचे कर्ते पुरुष गेल्यावर तिनं फौज सांभाळली, म्हणून औरंगजेबानं तिला ‘रायबागन’ किताब दिला, म्हणजे राजवाघीण. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा ही रायबागन खानाच्या बाजूनं होती. वेळ ओळखून तिनंच खानाला शरण जायचा सल्ला दिला आणि हजारोंचे जीव वाचले. ती आपल्या बाजूनं नव्हती, म्हणून तिला विसरायचं का? शत्रूच्या बाजूला उभ्या असलेल्या मराठी बाईचीही हिंमत आणि अक्कल सांगता येते. त्यानं शिवरायांचा विजय लहान होत नाही.

आता मोजा. कैदेतल्या मुलामागं राज्य चालवणाऱ्या जिजाऊ, ताराराणी, उमाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, रायबागन. या सहाही जणींची जी कामं आपण आठवतो, ती त्यांनी नवरा गेल्यावर केलेली आहेत. मग त्यांचं सोंग घ्यायला सवाष्णच पाहिजे, ही अट आपण कुठून आणली?

यावर एक काकू म्हणाल्या, ‘त्या राण्या होत्या गं, त्यांना कोण बोलणार?’ तर बोलणारे त्यांनाही होते. ताराराणीला पुढं १७१४ मध्ये पन्हाळ्यावर कैदेत टाकलं, आणि टाकणारे घरचेच होते. अहिल्याबाईंचा मुलगा वारला तेव्हा राज्य घ्यायला राघोबादादा फौज घेऊन निघाले होते. झाशीच्या राणीचं तर राज्यच गेलं. विधवा बाईच्या हातातलं काढून घ्यायचं, ही जुनीच रीत आहे. आपल्याकडं किल्ला नसतो, दोन एकर कोरडवाहू असते. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बाईचं नाव लागायला पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलांच्या बरोबरीनं तिचा हिस्सा आहे. तरी किती जणींची नोंद झाली, हे आपापल्या गटात विचारून पाहा. सोयाबीन-कापसाच्या कर्जापायी आपल्या भागात जी घरं उघडी पडली, तिथल्या बाया आपल्याच गटात बसतात. त्या घर चालवतात, हप्ते फेडतात, पोरं शिकवतात.

आणि हे बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून सांगितलं. कागद झाला आहे. तो गावात उतरवायचं काम आपलं आहे, आणि देखावा त्यासाठी चांगली जागा आहे. कारण ग्रामसभेचा ठराव थोडे लोक वाचतात, मिरवणूक सगळं गाव पाहतं.

मग यंदा काय करायचं? आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली, जिजाऊ कोण होणार हे आवाज, पाठांतर आणि तयारी पाहून ठरवा. त्या चिठ्ठीत सगळ्या बायांची नावं टाका. जिला मागं राहायची सवय झाली आहे, तिला दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा ती ‘नको’च म्हणणार. तिनं कुंकू लावावं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

दुसरी, देखावा कोणत्या सालचा, ते ठरवून माईकवर सांगा. १६६६ चा केला तर जिजाऊंपुढं दफ्तर मांडा, किल्ल्यांची यादी ठेवा, जासूद येऊन आग्ऱ्याची खबर देतोय असं दाखवा. पाच मिनिटांचा प्रसंग होतो आणि संवाद आपल्याला आपल्या बोलीत लिहिता येतात.

तिसरी, बाकीच्या बायांना नुसतं कळस घेऊन उभं करू नका. झाशीच्या वेढ्यात बाया तोफांच्या मोर्च्यांवर राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे वेढा घालणाऱ्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. टोपली उचलणं आपल्याला शिकवावं लागत नाही. वीस जणींची रांग टोपल्या वाहताना दाखवली तर पाहणाऱ्याला वेढा म्हणजे काय ते समजेल.

चौथी, धारदार शस्त्र नको. लाकडी तलवार, काठी पुरे. दांडपट्टा जिला शिकवलेला आहे तिनंच फिरवावा, तोही मोकळ्या जागेत, लेकरं लांब ठेवून. मिरवणुकीची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा.

१२ तारखेनंतर दोनच दिवसांनी, १४ जानेवारीला, संक्रांत असते. १७६१ सालची ती तारीख पानिपतची. त्या दिवशी मराठी मुलखात घरोघर बाया विधवा झाल्या. त्यांना कोणी वाण दिलं असेल का, माहीत नाही. यंदा आपण देऊ शकतो. ज्या मैत्रिणीला आपण मिरवणुकीत जिजाऊ म्हणून हात जोडले, तिला संक्रांतीला तिळगूळ देऊन शेजारी बसवायचं. एवढं केलं तरी इतिहास ऐकल्याचं सार्थक झालं.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोण जिजाऊ झाली, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तिलाच इथं बोलायला बोलावू.