मिठागर आणि मूत्रपिंड

नाहूरहून पूर्वेस खाडीकडे वळलें कीं मिठागरांचा पट्टा लागतो. तेथें ऊन पाणी उडवितें व मीठ मागें ठेवितें; देहांत मिठाचा हिशेब मूत्रपिंडांकडे असतो. आम्ही वैद्य नव्हों. पण हा हिशेब कळण्यास शतक लोटलें, याचें आम्हांस नवल वाटतें.

१८३६ सालीं लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांस मूत्रपिंडें बिघडलेल्या मृतांचीं हृदयें वाढलेलीं आढळलीं. रक्तदाब मोजण्याचें सोईचें साधन तेव्हां नव्हतें. १९०४ मध्यें आंबार व बोजार या फ्रेंच वैद्यांनीं मिठाकडे बोट दाखविलें. १९३४ सालीं गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी आवळतांच दाब चढला. मूत्रपिंडास मीठ पुरेसें बाहेर टाकतां आलें नाहीं, कीं मिठाबरोबर पाणीही देहांत अडून राहतें. मग दाब चढतो, तेव्हां कुठें सांचलेलें मीठ बाहेर पडतें. चढलेला दाब म्हणजे जणूं थकबाकीवरील व्याजच.

१९४४ मध्यें केम्पनर यांनीं भात व फळें देऊन, मीठ जवळजवळ वर्ज्य करून, कित्येक रोग्यांचा दाब उतरविला. इकडे १९३० सालीं वडाळ्याच्या मिठागरावर याच मिठासाठीं लोकांनीं लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यावरील कर १९४७ सालीं उठला. आतां जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते. पानांत पहिलें मीठ वाढणाऱ्या आमच्या घरांत हें पथ्य कोणत्या तोंडानें सांगावें?