गाडी न आलेली स्टेशनं

स्पेनच्या दक्षिणेला, कादिझ प्रांतातल्या पुएर्तो सेरानो गावापासून ओल्वेरापर्यंत 36 किलोमीटरची एक वाट जाते. वाटेत 30 बोगदे लागतात, दऱ्यांवरचे चार उंच पूल लागतात, टुमदार स्टेशनंही लागतात. आगगाडी मात्र या वाटेवरून एकदाही धावलेली नाही.

हेरेझ ते आल्मार्गेन हा लोहमार्ग 1920 च्या दशकात, हुकूमशहा प्रिमो दे रिवेरा याच्या राजवटीत आखला गेला. डोंगराळ भागातल्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडायचं, असा त्यामागचा हेतू. मजुरांनी डोंगर फोडले, भराव घातले, पूल उभे केले. पुढे पैसा आटला, 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि काम रखडलं ते कायमचंच. आज तिथे सायकली फिरतात. जुन्या स्टेशनांपैकी काहींत मुक्कामाची सोय आहे. झाफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे आणि त्या कड्याजवळच्या स्टेशनात गिधाडांची माहिती देणारं केंद्र आहे.

अशा वाटांना स्पेनमध्ये ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. मोटारी नाहीत, हॉर्न नाहीत, चढही दमवणारे नाहीत. जुन्या वाफेच्या इंजिनांना मोठा चढ झेपत नसे, म्हणून अभियंते शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ शक्यतो येऊ देत नसत. डोंगर आडवा आला तर बोगदा, दरी आली तर पूल, सखल जमीन आली तर भराव. इंजिनाच्या सोयीसाठी केलेला हा सगळा खर्च आज सायकलवरच्या लहान मुलाच्या आणि साठीतल्या माणसाच्या कामी येतो. पण पर्यटनाच्या माहितीपत्रकांत निसर्गाचं वर्णन भरभरून असतं आणि त्या भरावांखालच्या माणसांच्या कष्टांना एखादी ओळ मिळते. ही वाट मुळात कोणासाठी आणि कशासाठी बांधली गेली, हे ठाऊक असेल तर तीच वाट वेगळी दिसू लागते.

ओहोस नेग्रोसची वाट हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. तेरुएल प्रांतातल्या या गावाजवळ लोहखनिजाच्या खाणी होत्या. रामोन दे ला सोता आणि एदुआर्दो अझ्नार या बास्क उद्योजकांनी 1900 मध्ये सियेरा मेनेरा ही खाण कंपनी काढली. खनिज समुद्रापर्यंत न्यायचं तर वाहतूक हवी. तेरुएलहून व्हॅलेन्सियाकडे जाणारा दुसऱ्या एका कंपनीचा लोहमार्ग तयार होता, पण वाहतुकीच्या दरावर दोन कंपन्यांचं जमलं नाही. तेव्हा खाण कंपनीने सागुंतोच्या किनाऱ्यापर्यंत 200 किलोमीटरहून लांब असा स्वतःचाच मार्ग बांधला. तो 1907 मध्ये सुरू झाला. एकाच खोऱ्यातून दोन लोहमार्ग बराच पल्ला शेजारी-शेजारी धावू लागले, एक माणसांचा आणि एक खनिजाचा! किनाऱ्यावर कंपनीचं बंदर झालं, पोलादाच्या भट्ट्या आल्या, त्यांच्याभोवती कामगारांचं आख्खं नवं गाव वसलं.

खाणीचा मार्ग 1972 मध्ये बंद पडला आणि खनिज ज्या शेजारच्या मार्गाला टाळलं होतं त्याच मार्गाने जाऊ लागलं. सागुंतोची भट्टी 1984 मध्ये विझली, खाणीही पुढे तीन वर्षांत बंद झाल्या. उरलेला लोहमार्ग आज स्पेनमधल्या सर्वांत लांब हिरव्या वाटांपैकी एक आहे. पठारावरून समुद्राकडे उतरणाऱ्या या वाटेवर सायकलस्वाराला पायडल फार मारावं लागत नाही, कारण भरलेले डबे उताराने खाली जावेत अशीच तिची आखणी होती.

आरागोन आणि कातालोनियामधून जाणाऱ्या व्हाल दे झाफानच्या वाटेची कहाणी अधिक करुण आहे. आरागोनच्या आतल्या मुलखाला भूमध्य समुद्रावरचं बंदर मिळवून देण्याचं हे 19 व्या शतकातलं स्वप्न. आल्कान्यिसपर्यंत गाडी 1895 मध्ये पोहोचली आणि पुढचं काम दशकानुदशकं रेंगाळलं. त्याला वेग आणला तो यादवी युद्धाने. 1938 मध्ये एब्रो नदीकाठच्या लढाईसाठी जनरल फ्रांकोच्या बंडखोर सैन्याला रसद हवी होती, म्हणून रूळ घाईघाईने पुढे नेले गेले. युद्धानंतर गाडी तोर्तोसापर्यंत गेली खरी, पण ज्या बंदरासाठी सगळा खटाटोप मांडला होता तिथवर ती कधीच पोहोचली नाही. 1973 मध्ये एक बोगदा ढासळला. तो दुरुस्त करण्याऐवजी मार्गच बंद केला गेला. आज तिथल्या काळोख्या बोगद्यांतून जाणाऱ्या माणसाने आपण युद्धाच्या वाटेवरून चाललो आहोत, हे विसरू नये.

हाएन प्रांतातली ‘तेलाची वाट’ मात्र नावाप्रमाणेच समृद्ध मुलखातून जाते. क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्या रांगा, मधूनच लोखंडी पूल. 19 व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मार्गावरून ऑलिव्हचं तेल बाहेर जायचं. नंतर मालमोटारी आल्या, रस्ते सुधारले, गाडीचे डबे रिकामे धावू लागले.

हे फक्त हाएनमध्ये घडलं नाही. 1941 मध्ये रुंद रुळांचे लोहमार्ग सरकारने ताब्यात घेऊन ‘रेन्फे’ ही संस्था उभी केली. तिच्या वाट्याला तोट्यातले कितीतरी फाटे आले. 1984 मध्ये सरकार आणि रेन्फे यांच्यात करार झाला आणि 1 जानेवारी 1985 रोजी सुमारे 900 किलोमीटर मार्गांवरची सेवा एका दिवसात थांबली. ताळेबंदाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. पण ज्या गावाला दवाखाना, बाजार आणि कॉलेज गाडीच्या अंतरावर होतं, त्या गावाचा दृष्टिकोन वेगळा असणार.

1993 मध्ये स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाने हिरव्या वाटांचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा बंद पडलेले किंवा अपुरे राहिलेले मार्ग 7,600 किलोमीटरहून अधिक भरले. त्यांपैकी 3,000 किलोमीटरहून अधिक आज चालण्या-फिरण्यासाठी खुले आहेत. हे शक्य झालं याचं मोठं कारण म्हणजे पुष्कळ ठिकाणी जमिनीची लांबलचक पट्टी सार्वजनिक मालकीची राहिली होती. एकदा तुकडे पाडून विकली की अशी पट्टी पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य.

याच पट्टीवरून पश्चिम स्पेनमध्ये वाद आहे. प्लासेन्सिया ते आस्तोर्गा हा 1896 मध्ये पूर्ण झालेला मार्ग 1985 च्या त्याच कुऱ्हाडीखाली आला. दक्षिणेकडच्या काही भागावर आता सायकलवाट आहे. तरी गाडी परत यावी म्हणून झगडणारे लोक तिथे आहेत आणि त्यातल्या काहींना सायकलवाट म्हणजे रेल्वेच्या परतीवर पडणारा शेवटचा पडदा वाटतो. त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण रूळ उचलले की ते परत टाकायला पैसाही लागतो आणि राजकीय धमकही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वापरात असलेला भराव खचत नाही, पूल भंगारात जात नाही, बोगदा बुजत नाही. अनेक वाटांची जमीन अजून रेल्वेच्याच मालकीची असून स्थानिक संस्थांना ती फक्त वापरायला दिलेली आहे. प्लासेन्सियाच्या मार्गावर पुन्हा गाडी आणायचं कुणी ठरवलंच, तर निदान तिची जागा शोधत बसावं लागणार नाही.