भोगवर्धनचे दाते आणि सांचीचा स्तूप

लडाखमधील हेमिस, थिकसे, आल्ची येथील बौद्ध विहार पाहण्यासाठी आज महाराष्ट्रातून अनेक प्रवासी जातात. दूरच्या बौद्ध स्थळांशी नाते जोडण्याची परंपरा जालना जिल्ह्यात मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि तिचा पुरावा मिळतो तो मध्य प्रदेशात.

केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेखांत या गावाचा निर्देश आहे. लेख अगदी त्रोटक आहेत. दात्याचे नाव, गाव आणि 'दान' हा शब्द, एवढाच मजकूर. राजाचे नाव नाही, वर्षही नाही. सांचीच्या दात्यांत स्त्रियांची, त्यातही भिक्षुणींची संख्या लक्षणीय आहे, हे विशेष.

हे दाते स्वतः सांचीला गेले होते काय? दानलेख म्हणजे यात्रेचा पुरावा, असे सर्रास गृहीत धरले जाते. ते सावधपणे घ्यावयास हवे. सार्थवाहाबरोबर द्रव्य पाठविणेही शक्य होते. तथापि मार्ग रुळलेला होता. सुत्तनिपातात बावरीचे सोळा शिष्य बुद्धदर्शनासाठी निघतात, तेव्हा प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा असा क्रम येतो. सांची विदिशेलगतच आहे. भोगवर्धनचे नाव त्या यादीत नसले, तरी पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव सोयीचे ठाणे होते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. अजिंठ्याची लेणी भोकरदनपासून जवळ. तेथील ९ व १० क्रमांकांची चैत्यगृहे सामान्यतः इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानली जातात, म्हणजे सांचीच्या वेदिकांच्या काळाला जवळची. दारात चैत्य असताना दान नर्मदेपलीकडे का जावे? आमच्या मते याचे उत्तर धातूंत शोधावे लागेल. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त व मोग्गलान यांचे, तर दुसऱ्या स्तूपात अनेक स्थविरांचे अस्थिअवशेष होते. अजिंठ्याचा स्तूप डोंगराच्या कातळातूनच कोरलेला. पूज्य अवशेषांच्या सान्निध्यात आपले नाव कोरले जाण्याचे पुण्य भाविकाला निराळे वाटले असावे.

असे दान करणारे गाव संपन्न असणार. १९७३ साली नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे संयुक्त उत्खनन केले, शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांत एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य इतके आहे की, पाँपेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. हस्तिदंत कोरणारे कारागीर आणि तो माल दूरदेशी पोहोचविणारे व्यापारी ज्या गावात होते, त्याच गावची नावे सांचीच्या दगडावर आहेत.