ठाणे-कल्याण परिसर आणि सायकलच्या टायरची रुंदी

सायकलचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यापुरता विचार केल्यास तो रस्त्याचा आणि ओझ्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याचा उत्तम पुरावा टायरच्या बाजूवर उठविलेल्या आकड्यांत सापडतो.

लोहमार्ग १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास पोहोचला. डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली. म्हणजे सायकल येथे रुळण्यापूर्वीच लांबची वाहतूक आगगाडीने उचलली होती. सायकलच्या वाट्यास उरले घर ते स्टेशन एवढे अंतर, दुधाचे कॅन आणि पावाच्या पेट्या. या कामास जी काळी सायकल रूढ झाली (वरळीच्या हिंद सायकल्सनेही तीच घडविली), तिचे टायर २८ × १½ इंची. रिंगवरील बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. त्यात दोन्ही अंगांची प्रत्येकी ३८ मिलिमीटर जाडी मिळविली की बरोबर २८ इंच भरतात.

शर्यतीच्या सायकलवरील ‘७०० सी’ या मापाचे गणित याहून उद्बोधक आहे. तेथे बैठक ६२२ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ७०० व्हावयाचा तर टायर ३९ मिलिमीटरच हवे! अरुंद टायरशी आज जोडले गेलेले हे नाव मुळात रुंद टायरचे आहे. पुढे त्याच रिंगवर २३ मिलिमीटरचे टायर बसू लागले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच वेगाचे लक्षण ठरले.

गुळगुळीत रस्त्यावर ते शोभलेही. परंतु चाकावर ४५ किलो भार व हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर टायर सुमारे साडेसात चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकते. दाब निम्मा केल्यास पंधरा. अरुंद टायरात दाब कमी ठेवण्याची सोय नाही. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिंगखाली चिरडते आणि तिला दोन छेद पडतात. पावसाळ्यात ओल्या रबरात काच व खडी सहज शिरते, हे पंक्चरवाल्यास ग्रंथ न वाचता ठाऊक असते. सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे आणि पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडा ही त्यात अलीकडची भर.

२०१० नंतर शर्यतपटूही २५ व पुढे २८ मिलिमीटरकडे वळले. खडबडीत पृष्ठावर कडक टायर उसळते व त्यात श्रम वाया जातात, हे मोजमापांनी दाखविले. डोंबिवलीच्या नोकरदाराने शीळ रस्त्यासाठी ‘रोड बाईक’ घेताना फ्रेम व ब्रेक यांत जागा असल्यास ३२ मिलिमीटरचे जाड पृष्ठाचे टायर निवडणे हे म्हणूनच मागासलेपण नव्हे. मात्र जुन्या सायकलचे टायर तिला चालणार नाही. ६३५ आणि ६२२ यांत तेरा मिलिमीटरांचे अंतर आहे.